मोटारीची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरी बुरशी आलेला गळका डबा उभा राहिला असेल, तर तसं काही नाही. मी अजून ठणठणीत आहे. परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडं एक वस्ती आहे. तिथल्या एका पत्र्याच्या घराच्या पडवीत, लोखंडी पेटीत मी बसलेली असते. पत्र्यावर सोलरच्या प्लेटा आहेत. दिवसभर त्या मला वीज भरवतात आणि गावाची लाईट गेली की ती मी घराला देते. आतल्या खोलीत रामहरी आबा खाटेवर असतात. त्यांच्या नाकाला नळी असते, नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली असते आणि त्या मशीनची वायर येते माझ्याकडं. लाईट नसली की आबा माझ्या जिवावर श्वास घेतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुठं घाबरले आणि का घाबरले ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं चप्पल घालून आत जायची सोय नव्हती, इतकी स्वच्छता. खरं सांगायचं तर मी एकटी नाही. माझ्या पोटात सोळा सेल आहेत. पण सोळा जण एकदम बोलायला लागले तर तुम्हाला काय डोंबल कळणार? म्हणून आम्ही सगळे मिळून 'मी' म्हणतो. तेव्हा तर आम्ही सोळाहून कितीतरी जास्त होतो. आम्हाला एका पांढऱ्या इलेक्ट्रिक कारच्या पोटाखाली बसवलं आणि ती कार हैदराबादला टॅक्सी म्हणून धावू लागली.

त्या दिवसांत मी लई टेचात होते. कारमध्ये बसलेलं माणूस आधी विचारायचं, 'अहो, सुरू झाली का गाडी?' आणि ड्रायव्हर हसून म्हणायचा, 'कधीच निघालो आपण.' आमचा आवाजच येत नसे. धूर नाही, खडखड नाही. लोक कारचं कौतुक करायचे, सीटचं करायचे, गार हवेचं करायचे. माझं नाव कुणीच घेत नसे. मी खाली होते ना, दिसत नव्हते. मला राग यायचा, पण काम करत राहिले.

एकदा सोलापूरचं भाडं सोडून परत येताना आमचा ड्रायव्हर नळदुर्गजवळ एका ढाब्यावर चहाला थांबला. तो चहा पीत होता तेवढ्यात मागून कांद्याचा ट्रक आला आणि त्यानं उभ्या कारला ठोकलं. कारमध्ये कुणी नव्हतं, हे नशीब. पण कारचा मागचा भाग पार चेपला. विम्याची माणसं आली, त्यांनी फोटो काढले, माना हलवल्या आणि सांगितलं की ही आता दुरुस्तीच्या पलीकडं गेली. माझ्या पुढच्या बाजूच्या सेलांना साधा ओरखडाही आला नव्हता. पण आम्हाला कोण विचारतो?

मग आम्ही भंगारात. हायवेच्या कडेला तारेचं कुंपण, आत चेपलेल्या गाड्या, आणि वरून ऊन. मालकाचा एक बोकड होता. तो रोज संध्याकाळी माझ्यावर चढून उभा राहायचा आणि हायवेकडं बघायचा. ज्या अंगावर बसून लोक विमानतळावर जायचे, त्या अंगावर आता बोकड. मला फार वाईट वाटायचं. अंगात ताकद असून कुणी काम सांगत नाही, यासारखा पाणउतारा नाही.

तिथून मला उचललं शिवशंकरमामांनी. नळदुर्गला हायवेवर त्यांचं दुकान आहे, बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करायचं. त्यांना मामा म्हणते ते त्यांच्या भाचीमुळं. भाची म्हणजे वर्षाराणी, रामहरी आबांची मुलगी. आयटीआयला वायरमनचा कोर्स करून ती शेतावर सोलरचे पंप बसवायच्या कामाला जाते. मामांनी तिला फोन करून बोलावून घेतलं होतं.

ती आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. आबांनी उभा जन्म खव्याच्या भट्टीपुढं काढला होता. आमच्या भागात घरोघरी म्हशी आणि घरोघरी खवा. कढईत दूध आटवायचं, खाली लाकडं सारायची, आणि वरून उलथणं फिरवत तासन्‌तास धुरात बसायचं. त्या धुरानं आबांची फुप्फुसं कामातून गेली. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवावं लागेल आणि मशीन बंद पडून चालणार नाही. तुमच्याकडं लाईट जात असेल तर घरी नेऊ नका. मग बार्शीत दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि आबा तिथं राहिले. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. आबा जेवेनात. भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच विचारायचे, घरी कधी न्यायचं.

"मामा, नवी बॅटरी आपल्याच्यानं होत न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "जुन्यावर आबांचा जीव टाकायचा म्हणजे मला भ्या वाटतंय."

"भ्या वाटलंच पायजे," मामा म्हणाले. "भ्या वाटलं की माणूस नीट तपासतंय."

आणि बाई गं, काय तपासलं आम्हाला! एकेक सेल वेगळा काढला. कोण फुगलंय, कोण गळतंय, कोण तापतंय, सगळं बघितलं. जरासा फुगलेलाही मामांनी हातात घेतला नाही. 'असलं घरात न्यायचं न्हाय, फुकट मिळालं तरी न्हाय,' म्हणाले आणि ते बाजूला काढून जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत चढवले. उरलेल्यांना पूर्ण भरलं आणि मग एकेकाला हळूहळू रिकामं करत कोण किती वेळ दम धरतो ते पाहिलं. ज्यांचा दम सारखा, तेच एकत्र ठेवायचे. एक जरी कमजोर निघाला तर बाकीच्यांना ओढून खाली आणतो. असे आम्ही सोळा निवडलो गेलो. आम्हाला तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलं, मधे न जळणारे पत्रे घातले, फ्यूज बसवला आणि माझ्या अंगावर एक हिरवी पाटी लावली. वर्षाराणी तिला राखणदार म्हणते. कुणी माझ्याकडून जास्तीची वीज ओढायला लागलं तर हा राखणदार दार लावून घेतो, म्हणजे मी तापून पेट घेत नाही. तेव्हा मला तो राखणदार फारसा आवडला नव्हता. मी काय लहान आहे का, असं वाटायचं.

महिनाभर मामांनी मला दुकानात राबवलं. पंखे चालव, दिवे चालव, मशीन चालव. एकदाही मी दगा दिला नाही. मग सोलरच्या प्लेटा आणि माझी वीज मशीनजोगी करणारा इन्व्हर्टर यांच्यासोबत टेम्पोत घालून मला वस्तीवर आणलं.

टेम्पोतून उतरवायला आबांचे धाकटे भाऊ गोरोबाकाका पुढं झाले. ते शेजारीच राहतात आणि दोन्ही घरच्या म्हशी तेच बघतात. माणूस मोठा मायाळू, पण घाईचा. पेटीला खांदा देत त्यांनी विचारलं, "कशाची म्हणायची ही बॅटरी?"

"मोटारीची," मामा म्हणाले.

आता मामा हायवेवरचे. हायवेवर ट्रकला गाडी म्हणतात. त्यामुळं ट्रक ती गाडी आणि कार ती मोटार, असं मामांच्या तोंडात बसलेलं.

"आरं वा. मग तर कामच झालं," काका म्हणाले. कुठलं काम झालं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा बार्शीहून आले. गाडीतून उतरल्यावर ते घरात गेलेच नाहीत. दोन पावलं टाकून गोठ्याजवळ उभे राहिले, धापा टाकत. म्हशींनी माना वळवून बघितलं. आबांच्या बायको, अयोध्याबाई, सिलिंडरची नळी धरून मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवं, आत चला की आता." आबा म्हणाले, "थांब जरा. वास घेऊ दे." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी भंगारातून उगाच उठले नाही.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. लाईट जायची, यायची. मशीन चालू राहायचं. आबा खाटेवरून खवा करायला शिकवायचे, म्हणजे खरं तर ओरडायचे. दिवसभर गोठ्यावर आणि चुलीवर त्यांचा हुकूम. अयोध्याबाई म्हणायच्या, "श्वास कमी पडतोय आन्‌ आवाज तेवढा वाढलाय." त्यावर सगळे हसायचे, आबासुद्धा.

मग उन्हाळा आला. सोनारीची यात्रा तोंडावर होती आणि नेमकी आमची डीपी जळाली. डीपी म्हणजे खांबावरचं ते लोखंडी धूड, ज्यातून अख्ख्या वस्तीला लाईट येते. नवी डीपी येईपर्यंत किती दिवस जातील हे सांगता येत नव्हतं. वस्तीवर कुणाच्या घरी पंखा फिरेना. आमच्या घरात मात्र मशीन चालू होतं. दिवसा ऊन मला भरायचं, रात्री मी मशीन ओढायचे. वर्षाराणीनं पंखासुद्धा बंद ठेवायला सांगितलं होतं. बॅटरी फक्त आबांच्या मशीनला, दुसरं काही नाही, असं तिनं घरात बजावून ठेवलं होतं. पण काका दुसऱ्या घरात राहतात. त्यांना कुणी बजावलं नव्हतं.

एक दिवस भर दुपारी काका गोठ्यात आले तर हौद कोरडा. म्हशी जिभा काढून उभ्या. विहिरीत पाणी आहे, पण उपसणार कशानं? काकांनी पडवीत माझ्याकडं पाहिलं. आमच्या वस्तीवर, मित्रांनो, मोटार म्हणजे विहिरीवरची मोटार. पाणी उपसणारी. चार चाकांचं जे असतं त्याला इथं फोर व्हीलर म्हणतात. मोटार म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा विहिरीकडं बोट दाखवील. आणि मी तर मोटारीची बॅटरी. काकांनी लांब वायर आणली, तिची पिन माझ्या विजेवर चालणाऱ्या पडवीतल्या बोर्डात घातली आणि विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबला.

मला कळलंच नाही काय झालं. एकदम असा ओढा लागला की माझे सोळाही जण हादरले. विहिरीवरची मोटार एकदा घरघरली. तेवढ्यात राखणदारानं खाडकन दार लावलं. इन्व्हर्टर गप्प झाला. आतल्या खोलीत मशीन बंद पडलं आणि टीं टीं वाजायला लागलं.

अयोध्याबाई चुलीवरून तशाच धावल्या. घरात एक छोटा सिलिंडर असतो, अडीनडीला. त्यांनी नळी त्याला लावली. पण बार्शीला तपासायला नेता-आणताना तो वापरला होता आणि भरून आणायचा राहिला होता. त्याचा काटा खाली टेकायला आला होता. आबा उठून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली. एरवी सगळ्या वस्तीला हुकूम सोडणारा माणूस, त्याच्या तोंडून शब्द निघेना.

अयोध्याबाईंची हाक ऐकून काका विहिरीवरून पळत आले. भावाची ती अवस्था बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मोटार, वायर, स्टार्टर, सगळं ते विसरून गेले. स्टार्टर तसाच चालू राहिला.

अयोध्याबाईंनी वर्षाराणीला फोन लावला. ती लांब एका रानात प्लेटा बसवत होती.

"पेटीवर कुठला दिवा हाय, आई?"

"तांबडा."

"भिऊ नको. पेटीचं बटन बंद कर. जरा थांब. मग चालू कर."

अयोध्याबाईंनी बटन दाबलं. हिरवा दिवा लागला, मशीन एकदा गुरगुरलं आणि राखणदारानं पुन्हा दार लावलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काटा पार खाली आलाय, वर्षे," अयोध्याबाई म्हणाल्या.

वर्षाराणी हळू म्हणाली, "आई, मी निघाले. एखादा सेल गेला असंल."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? माझा एकही सेल गेला नव्हता. सोळाच्या सोळा काठोकाठ भरलेले होते. चार पावलांवर एक माणूस श्वासासाठी तडफडत होता, त्याला हवं ते सगळं माझ्या पोटात होतं, आणि मला ते देता येत नव्हतं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, ती वायर काढा. बोकड अंगावर नाचला तेव्हासुद्धा मी इतकी रडकुंडीला आले नव्हते.

वर्षाराणीनं फोन ठेवला नव्हता. चालत्या स्कूटीवरून वाऱ्याचा आवाज येत होता. "दुसरं काय लावलंय का बॅटरीला?" तिनं विचारलं.

"न्हाय गं. पंखाबी बंद हाय."

"काकांना दे. काका, तुमी काय लावलंय का?"

"म्या? म्या काय लावणार?"

"आठवून सांगा. मोबाईल, टीवी, काय बी."

"काय न्हाय, बाळा. निस्ती मोटार लावलीय."

स्कूटीचा आवाज थांबला. तिनं रस्त्यातच ब्रेक मारला असावा.

"मोटार?"

"व्हय. मोटारीचीच बॅटरी हाय न्हवं?"

"काका, पिन उपटा. आत्ताच्या आत्ता. पडवीतल्या बोर्डाची पिन उपटा आन्‌ मग बटन दाबा."

काकांनी अशी झेप घेतली की पडवीतली घागर कलंडली. पिन निघाली. अयोध्याबाईंनी बटन दाबलं. हिरवा दिवा लागला. मी श्वास रोखून बसले होते. राखणदारानं पाहिलं, ओढ थोडकीच होती. त्यानं दार उघडं ठेवलं. आतलं मशीन घुरघुरलं, थांबतंय की काय असं वाटलं, आणि मग त्याचा तो नेहमीचा संथ आवाज सुरू झाला. अयोध्याबाईंनी नळी मशीनला लावली. आबांचे खांदे हळूहळू खाली आले. ओठांवरचा निळसर रंग गेला. माझा जीव भांड्यात पडला. मी एवढी खूश झाले की त्या राखणदारावरचा जुना सगळा राग विसरले. त्यानं दार लावलं नसतं तर मी जळले असते आणि घरही घेऊन गेले असते.

वर्षाराणी आली ती धुळीनं माखलेली. आधी तिनं आबांच्या बोटाला चिमट्याचं यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला. आकडा बरा होता. मग ती पडवीत आली, जमिनीवर बसली आणि माझ्या पेटीला डोकं टेकून रडली. बराच वेळ रडली. मी तिच्या कानाशी मंद गुणगुणत राहिले, तेवढंच मला येतं.

काका उंबऱ्याबाहेर बसून होते. आत येईनात, पाणी घेईनात. आबांनी आतूनच हाक मारली. एकेक शब्द थांबून थांबून आला.

"गोरबा. म्हसरांस्नी पाणी पाजलंस का?"

"दादा, म्या आज तुमचा जीव घेतला असता."

"घेतला न्हाईस ना? मंग जा. पाणी पाज."

शेजारच्या रानात वर्षाराणीनंच बसवलेला सोलरचा पंप होता. काकांनी तिकडं म्हशी नेल्या. परत आल्यावर त्यांनी पडवीतला तो बोर्ड स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि ती लांब वायर आपल्या घरी नेऊन कडीकुलपात ठेवली. वर्षाराणीनं दुसऱ्याच दिवशी सिलिंडर भरून आणला. मामांना फोन करून तिनं एवढंच सांगितलं, "मामा, आजपासून मोटारीला कार म्हणायचं." मामांना बिचाऱ्यांना आधी काही कळेना. कळल्यावर ते संध्याकाळी टेम्पो पकडून थेट वस्तीवरच आले.

आता काका माझ्यापाशी कुणाला फिरकू देत नाहीत. कुणी मोबाईल चार्ज करायला आलं तर दारातूनच म्हणतात, "इथं न्हाय. ही दादांची बॅटरी हाय." कारच्या पोटाखाली होते तेव्हा माझं कुणी नाव घेत नव्हतं. हे नाव मला पुरतं.

यात्रा होऊन गेल्यावर एका दुपारी नवी डीपी आली. वस्तीवर एकच गलका झाला. कुणाचा टीव्ही लागला, कुणाची पिठाची गिरणी सुरू झाली. काका पळत आले, 'दादा, लाईट आली' म्हणत. अयोध्याबाईंनी दारातच त्यांना अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आबा झोपले होते. लाईट जाईल या धास्तीनं हा माणूस आजारी पडल्यापासून कधी गाढ झोपला नव्हता, कायम एक कान मशीनकडं. आणि आज लाईट यायच्या आधीपासून, माझ्या भरवशावर, भर दुपारी आबा तोंड उघडं टाकून घोरत होते. काका दारात उभे राहून ते घोरणं ऐकत राहिले, आणि मीही.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखी एखादी जुनी बॅटरी पडलेली असेल. तिला स्वतः उघडू नका, आम्ही खेळणं नाही. पण कचऱ्यातही टाकू नका. जाणत्या माणसाकडं न्या, त्याला तपासू द्या, तिच्यात अजून दम असेल. कुणाच्या घरी असं मशीन चालू असेल तर बोर्डात पिन घालण्याआधी आत जाऊन विचारा. आणि कधी सोनारीला आलात तर आमच्या वस्तीवर जरूर या. मात्र दुपारी आलात तर दारातून मोठ्यानं हाक मारू नका. आबा झोपलेले असतात.